खिशातली हजेरी

दोस्तहो, या अंकाच्या पहिल्या पानावर एक कबुली द्यायचीय. गेल्या वर्षीच्या जुलैत मी तुमची नावं पोलिसांच्या हातात दिली.

मारलं नाही कुणी. दमसुद्धा धड दिला नाही. मोर्चा संपला, आम्हा सात जणांना गाडीत घातलं, चौकीतल्या बाकावर बसवलं आणि त्यातला एक जण चहा मागावा तसा म्हणाला, "फोन उघडून दे रे." मी दिला. चार आकडे दाबले आणि दिला. कागद नाही, पंचनामा नाही, पावती नाही. तीन तासांनी फोन परत मिळाला. त्या फोनात या मासिकाच्या वर्गणीदारांची यादी होती. नाव, पत्ता, नंबर, वर्गणी आली की नाही, सगळं. ॲट्रॉसिटीची फिर्याद दिलेल्या दोन बायांचे नंबर होते, त्यांच्या साक्षीदारांचे होते. पंधरा दिवसांनी आपल्या एका वाचकाच्या बापाला गावाकडं फोन आला, पोरगं शहरात कसली मासिकं वाचतंय, लक्ष आहे का? नंबर माझ्याच फोनातून गेला की दुसरीकडून, ते मला सिद्ध करता येणार नाही. पण त्या पोरानं विचारलं तेव्हा मी त्याच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

व्यासपीठावरून "टाका तुरुंगात" म्हणून ओरडणारा मी, चार आकड्यांत उघडा पडलो. तेव्हापासून कुलपांच्या मागं लागलोय. हे संपादकीय त्या कुलपाबद्दल आहे.

आधी एका प्रश्नाचा निकाल लावू. "तुमच्याकडं लपवण्यासारखं आहेच काय?" हे विचारणाऱ्यांच्या फ्लॅटला दोन दारं असतात, खाली वॉचमन असतो, वहीत नाव लिहिल्याशिवाय लिफ्ट मिळत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी येसकरकी केली. रात्रभर वेशीवर उभं राहून दुसऱ्यांच्या वाड्यांची राखण केली आणि पहाटे ज्या खोपटात शिरले त्याला कडी नव्हती. खाजगी ही वाड्यातल्या माजघराची चीज. आपलं सगळं उघड्यावर, आंघोळ, भांडण, बाळंतपण. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. चांगलं झालं. आता कडी कोण ठोकणार?

१८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड माणसं कोंडली, रोजची हजेरी लावली. तो कायदा १९५२ साली गेला. आता हजेरीला कुणी बोलावत नाही, खिशातला फोन न बोलावता हजेरी देतो. टॉवरला देतो, ॲपला देतो, जाहिरातवाल्याला देतो. रात्री कुठं झोपला, कुणाबरोबर किती वेळ बसला, कुठल्या वस्तीत किती वेळा गेला. आणि त्याचे हप्ते आपणच भरतो, साला.

गेले आठ महिने मी जो फोन वापरतोय तो गूगलचा पिक्सेल आहे, पण आतली ऑपरेटिंग सिस्टिम गूगलनं घातलेली नाही. ग्राफीनओएस तिचं नाव. अँड्रॉइडचा जो मूळ कोड सगळ्यांसाठी उघडा आहे त्याच्यावर ती उभी आहे, फक्त गूगलची ॲपं त्यात भरलेली नाहीत आणि भिंती जाड केल्यात. डॅनियल मायके नावाच्या कॅनडातल्या प्रोग्रामरनं २०१४ साली हे काम दुसऱ्या नावानं सुरू केलं. २०१८ साली धंद्यातल्या भागीदाराशी फाटलं, तेव्हा अपडेटवर सही करायच्या किल्ल्या त्यानं स्वतःच्या हातानं नष्ट केल्या. त्या किल्ल्या ज्याच्या हाती, त्याला लोकांच्या फोनात काहीही घुसवता आलं असतं. मला या सगळ्या इतिहासात हा एक क्षण फार मोठा वाटतो. आपल्याकडं चळवळी फुटतात तेव्हा पहिल्यांदा रबरी शिक्के आणि पावती पुस्तकं पळवली जातात. २०१९ साली कामाला आजचं नाव मिळालं, २०२३ साली कॅनडात ना-नफा प्रतिष्ठान झालं. देणग्यांवर चालतं, फुकट मिळतं, कोड कुणीही वाचावा.

गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन घ्यायचा, हे ऐकून मीही हसलो होतो. पण कारण पक्कं आहे. पिक्सेलमध्ये मूळ सिस्टिम काढून दुसरी बसवता येते आणि बसवल्यावर बूटलोडरचं कुलूप पुन्हा लावता येतं, म्हणजे फोन सुरू होताना आत कुणी खाडाखोड केली का ते तपासलं जातं. बहुतेक कंपन्या हे दुसरं काम करू देत नाहीत. शिवाय पिनची राखण करायला त्यात वेगळी चिप आहे. विहीर त्याची, पोहरा आपला.

तीन जणांकडून उसने घेऊन १९ हजाराला सेकंडहँड पिक्सेल ७ए घेतला. त्याआधी एकदा फसलो. पहिला फोन परदेशातून आलेला, तिकडच्या मोबाइल कंपनीशी बांधलेला निघाला, त्याचं बूटलोडर उघडेचना. दुकानदारानं पाचशे रुपये कापून परत घेतला. म्हणून पैसे मोजण्याआधी दुकानातच, फोन इंटरनेटला जोडून, सेटिंगमधलं 'ओईएम अनलॉकिंग' चालू होतं का ते बघा. पुढचं काम सोपं. लॅपटॉप, केबल, त्यांच्या संकेतस्थळावरचं इन्स्टॉलचं पान, सांगतील ती बटणं. फोनात होतं नव्हतं ते पुसलं जातं, ते आधीच दुसरीकडं उतरवा. आणि शेवटी बूटलोडर बंद करायला विसरू नका, नाहीतर नवं दार बसवलं आणि कडीच लावली नाही अशी गत. दर वेळी फोन सुरू होताना पिवळी सूचना येते की यात वेगळी सिस्टिम आहे. घाबरू नका, ती येणारच.

आता नावांची गोष्ट. व्हॉट्सॲप नंबरांची वही मागतं. माझ्या जुन्या फोनात दोनच उत्तरं होती, घे सगळी नाहीतर जा. ग्राफीनमध्ये तिसरं उत्तर आहे. ॲपला वाटतं वही मिळाली, वही असते कोरी. मग आपल्याला हवी ती चार नावं तेवढी त्यात घालायची. फोटो-फायलींचंही तसंच. टॉर्चच्या ॲपला इंटरनेट कशाला लागतं? बंद करा, प्रत्येक ॲपला वेगळं बटण आहे. गूगलचं प्ले स्टोअर लागलंच तर टाकता येतं, पण दुसऱ्या कुठल्याही ॲपसारखं, विशेष अधिकार काढून. आयुष्यात पहिल्यांदा गूगलला रांगेत उभं राहिलेलं बघितलं.

आणि चौकीची गोष्ट. हे नीट वाचा, कारण हे साध्या फोनवाल्यांच्याही कामाचं आहे. फोन बंद करून सुरू केला आणि अजून पिन टाकला नाही, तोवर आतला मजकूर सांकेतिक कुलपात असतो. एकदा पिन टाकला की किल्ल्या फोनच्या मेमरीत जाग्या राहतात, मग स्क्रीन काळी असली तरी. सेलेब्राइट ही इस्रायलची कंपनी जगभरच्या पोलिसांना फोन फोडायची यंत्रं विकते, त्यांना या जाग्या किल्ल्यांचा मोठा आधार असतो. ग्राफीनचा फोन १८ तास कुणी उघडला नाही तर आपला आपण रीस्टार्ट होतो, किल्ल्या झोपतात. तास कमी करता येतात, मी चार ठेवलेत. कुलूप असताना केबल खुपसली तर चार्जिंग होतं, पलीकडं काही जात नाही. पिन चुकत गेला की चिप थांबायला लावते, शेवटी एकेका प्रयत्नाला एकेक दिवस. म्हणून सहा आकडे पुरतात, पण आकडे मनाचे नकोत, फासे टाकून काढा. माझे जुने चार आकडे १४०४ होते. हसा. शहरातले आपले अर्धे फोन त्याच आकड्यांनी उघडतील. आणि सहा आकडे म्हणजे ०६१२५६ नव्हे.

२०२४ साली सेलेब्राइटचे आतले कागद फुटले. अद्ययावत ठेवलेल्या, कुलूपबंद ग्राफीनपुढं त्यांच्या यंत्रांनी हात टेकलेत असं त्यात दिसतं. पण मालकानंच उघडून दिला तर काय? तर सगळं मिळतं. "फोन उघडून दे रे" याला ग्राफीनओएसकडं उत्तर नाही. ते उत्तर तोंडानं द्यायचं असतं. लेखी आदेश दाखवा, जप्त करताय तर पंचनामा करा, त्यात फोनचा हॅश नोंदवा, माझ्या वकिलाला फोन करू द्या. हॅश म्हणजे आतल्या मजकुराचा ठसा. नंतर एक अक्षर घातलं-काढलं तरी ठसा बदलतो.

एक दुसरा पिनही असतो, तो टाकला की फोन स्वतःला कायमचा पुसून टाकतो, ईसिमसकट. पोरांना हे फार आवडतं, सिनेमा वाटतो. मी तो लावलेला नाही. पुरावा नष्ट केल्याचं कलम लावायला निमित्त लागतं, ते आपण का पुरवायचं? त्यापेक्षा जे फोनात नकोच ते फोनात ठेवू नये.

ठसा कशाला, असं ज्याला वाटतं त्यानं भीमा-कोरेगाव प्रकरण आठवावं. रोना विल्सन यांचा लॅपटॉप १३ जून २०१६ च्या मेलमधून फोडला गेला, नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्राम त्यात २२ महिने बसून होता आणि ज्या पत्रांवर केस उभी राहिली ती पत्रं त्यातूनच आत टाकली गेली, असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं फेब्रुवारी २०२१ मध्ये तपासून सांगितलं. एनआयएनं ते मान्य केलं नाही. ६ जून २०१८ ला त्यांच्याबरोबर 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांनाही पकडलं होतं. दोघांना हायकोर्टाचा जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडला. एका मराठी मासिकाचा संपादक साडेसहा वर्षं आत. तो लॅपटॉप होता, फोन नव्हता, हेही लक्षात ठेवा. फोनचं कुलूप लॅपटॉपला लागत नाही.

टॉवरलाही लागत नाही. कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, किती वाजता, कुठल्या टॉवरखालून, हे रजिस्टर मोबाइल कंपन्यांनी किमान दोन वर्षं जपावं असा २०२१ पासूनचा नियम आहे. सिम आपल्याच नावावर असतं. हजेरीचं ते रजिस्टर ग्राफीननं फाटत नाही. काही बैठकांना फोन घरी ठेवूनच जायचं असतं, पूर्वी जात होतो तसं.

आता गंमत ऐका. हा फोन घेतल्यावर माझ्या बँकेचं ॲप उघडेना. म्हणे, आपला फोन सुरक्षित नाही. म्हणजे काय, तर फोनकडं गूगलचं प्रमाणपत्र नाही. चार वर्षं अपडेट न मिळालेला, भोकं पडलेला जुना फोन त्यांना चालतो, कारण त्याचा दाखला आहे. फोनचीसुद्धा जात पडताळणी! पुष्कळ बँकांची ॲपं चालतात, माझं नेमकं नाही. महिन्यातून दोनदा मी रांगेत उभा राहतो.

आणि स्पेनमधल्या कॅटालोनियाचे पोलीस २०२५ साली म्हणाले, हातात पिक्सेल दिसला की ड्रग विकणारा असेल असा संशय येतो. बघा, १८७१ कुठून कुठं पोचलं. आता फोनवरून जमात ठरायची. म्हणून म्हणतो, हा फोन एकट्या कार्यकर्त्याच्या हातात शोभत नाही. नर्सच्या, बँकेतल्या क्लार्कच्या, कॉलेजच्या पोरीच्या हातात दिसला पाहिजे.

पण १९ हजार कुठून आणायचे, हे मला कळतं. मी अजून फेडतोय. ज्यांना जमत नाही त्यांनी आहे त्या फोनाला सहा आकडे लावा, बोटाचा ठसा काढून टाका, अपडेट आलं की त्याच दिवशी करा आणि मोर्चाला निघताना फोन बंद करूनच खिशात टाका. एवढ्यानं सगळं होत नाही, पण जुलैतल्या माझ्यापेक्षा तुम्ही बरे असाल.

वर्गणीदारांची यादी आता कुठल्याच फोनात नाही. कागदाची एक वही आहे, तिच्यात नंबर नाहीत, ती माझ्या घरी नाही. दोन्ही बायांना आणि त्यांच्या साक्षीदारांना मी स्वतः जाऊन झालं ते सांगितलं. एकीनं दार लावून घेतलं. दुसरी म्हणाली, भाऊ, आता तरी नीट ठेवा. ज्या वाचकांना या वहीतही नाव नको असेल त्यांनी अंक वाटणाऱ्या पोरांना तोंडी सांगावं. नाव खोडलं जाईल, वर्गणी परत मिळेल, अंक हातोहात मिळत राहील.