ईव्हीएमचा वाद आणि बूथवरची रिकामी खुर्ची

26 एप्रिल 2024 रोजी हिंगोली लोकसभेचे मतदान होते. डोंगरकड्याचे मतदार रांगेत उभे असताना, त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. मतपत्रिकेवर मतदान घ्या, नाहीतर व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजा, ही मागणी न्यायालयाने फेटाळली. जूनमध्ये इथून ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर निवडून आले, तेव्हा मशीनविषयी फारसे कुणी बोलले नाही. नोव्हेंबरमध्ये कळमनुरी विधानसभेत शिंदे गटाचे संतोष बांगर पुन्हा जिंकले आणि राज्यभर महायुतीचा गुलाल उधळला गेला. तेव्हापासून आपल्या तरुणांत दोन तट पडले आहेत.

एक तट म्हणतो, मशीन हटल्याशिवाय मतदान करून उपयोग नाही. दुसरा म्हणतो, हरलो की मशीन आठवते, पाच वर्षे संघटन आठवत नाही. वाद इतका टोकाला जातो की 14 एप्रिलच्या जयंतीची बैठकसुद्धा त्यातून सुटत नाही.

आम्हाला शंका घेणारे चुकीचे वाटत नाहीत. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2009 मध्ये तिथली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली, ती घोटाळा सिद्ध झाला म्हणून नव्हे. तंत्रज्ञानाचे ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकालाही मतमोजणी तपासता आली पाहिजे, एवढाच मुद्दा होता. आपल्याकडे एका विधानसभा क्षेत्रात फक्त पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. शेतमजूर बाईने सात सेकंद काचेतून पाहिलेली चिठ्ठी पुढे मोजलीच जाणार नसेल, तर तिने विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर 2024 मध्ये स्वखर्चाने मतपत्रिकेवर चाचणी मतदान करायचे ठरवले, तर प्रशासनाने जमावबंदी लावली आणि गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. संशय अशानेच वाढतो.

पण कागद आला की न्याय आला, हे समीकरण आपल्या लोकांनी तरी मांडू नये. 1952 ची पहिली लोकसभा निवडणूक कागदावरच झाली. उत्तर मुंबईत बाबासाहेबांना 1 लाख 23 हजारांच्या वर मते पडली आणि नारायण काजरोळकरांनी त्यांना साडेचौदा हजारांच्या आसपास फरकाने हरवले. त्या मतदारसंघात 74 हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या होत्या. बाबासाहेब तेव्हा काय म्हणाले? मतदान सोडा, असे म्हणाले नाहीत. अशोक मेहतांबरोबर त्यांनी निवडणूक याचिका दाखल केली, आकडे मांडले, प्रचार कसा झाला ते मांडले. याचिका फेटाळली गेली, तरी 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. तिथेही हरले. यातली याचिका आपल्याला फारशी कुणी सांगत नाही, पराभव तेवढा सांगतात.

आता अलीकडचे. 2024 च्या विधानसभेला सायंकाळी 5 वाजता राज्यात 58.22 टक्के मतदान झाल्याचे सांगितले गेले, अंतिम आकडा 66.05 टक्के आला. सहानंतर सुमारे 76 लाख मते पडली कशी, असा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि ॲड. प्रकाश आंबेडकरांनी स्वतः युक्तिवाद केला. 25 जून 2025 रोजी ती फेटाळली गेली. निवडणूक आयोगाचे म्हणणे असे की पाचचा आकडा तात्पुरता असतो, खरा हिशेब नमुना 17 सी मध्ये असतो.

आमचे बोट इथे आहे. सहा वाजता रांगेत जे उभे असतात त्यांना केंद्राध्यक्ष क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो, तेही रांगेच्या शेवटच्या माणसापासून. मतदान संपल्यावर एकूण किती मते पडली ते 17 सी मध्ये लिहून, हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला त्याची प्रत द्यावी लागते. हा नियम आहे, कुणाचा उपकार नाही. तेव्हा प्रश्न असा की त्या वेळी आपला एजंट कुठे असतो? सकाळी मतदानाआधी किमान 50 मतांचा मॉक पोल होतो, तेव्हा तो झोपेतून उठत असतो. दुपारी जेवायला गेला तो परतच येत नाही. काही बूथवर तर नमुना 10 भरून एजंट नेमलेलाच नसतो. प्रत्येक बूथवर किती चिठ्ठ्या वाटल्या आणि 17 सी मध्ये किती मते आहेत, हे एजंटांच्या सहीनिशी गोळा झाले असते, तर न्यायालयात नुसता प्रश्न गेला नसता, कागद गेला असता.

मशीन हटवा म्हणणाऱ्यांनाही हेच करावे लागेल आणि संघटन करा म्हणणाऱ्यांनाही. दुसऱ्या तटातले जे नुसते टोमणे मारतात, त्यांनी किती बूथ सांभाळले, हेही एकदा विचारायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. 26 एप्रिलच्या त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालानंतर सात दिवसांत, पाच टक्के मशीनची तपासणी मागण्याचा हक्क दिला. हिंगोली लोकसभेत 2019 आणि 2024, दोन्ही वेळा वंचितचा उमेदवार तिसरा होता. म्हणजे हा हक्क आपल्या हातात येऊ शकतो. मात्र एका संचामागे 47 हजार 200 रुपये आधी भरायचे आणि फेरफार सापडला तरच ते परत मिळायचे, अशी अट होती. गरिबांच्या पक्षाला ही रक्कम म्हणजे दार बंद करण्यासारखीच आहे. ती कमी करा, ही मागणी मोर्चात यायला हवी. आतापर्यंत तिथे एकच घोषणा ऐकू येते.

स्थानिक निवडणुकांचे तर याहून बिकट आहे. राज्य निवडणूक आयोगाने ऑगस्ट 2025 मध्येच सांगितले की या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसेल. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मत दिल्यावर चिठ्ठीच निघणार नाही, त्यामुळे नंतर मोजायला कागदही उरणार नाही. डोंगरकडा, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा या पट्ट्यात बारावी, बी.ए. झालेली आपली मुले-मुली घरोघर आहेत. एका बूथला दोघे, पाळीपाळीने, सकाळच्या मॉक पोलपासून मशीनला सील लागेपर्यंत. त्यांच्या जेवणाचा डबा कोण पोहोचवणार, हेही त्याच बैठकीत ठरवावे लागेल.