जिवंतपणी विचारा

पितृपक्षात आपण गेलेल्या माणसाची आवडनिवड किती बारकाईनं सांभाळतो! आजोबांना अळूची भाजी लागायची, आजीला खिरीत जायफळ चालायचं नाही, अण्णांना वड्याबरोबर दही हवंच. कावळा शिवेना झाला तर काय राहिलं याची घरभर उजळणी होते. याच अण्णांना व्हेंटिलेटरवर ठेवलेलं चाललं असतं का, हे मात्र कुणी कधी विचारलेलं नसतं. विचारायला तोंड उघडलंच, तर 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प केलं जातं. लग्नाच्या याद्या सहा महिने आधी करणाऱ्या घरात या प्रसंगाची यादी नसते. ती मग रात्री तीन वाजता, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर, दोन दिवस न झोपलेल्या मुलीला करावी लागते.

आणि तिथं प्रश्न उपचारांचा राहतच नाही. 'आता पुरे' म्हणावं तर काकांना वाटणार, पोरगी बिलाकडे बघते. परदेशातला भाऊ फोनवरून सांगणार, 'सगळं करा, पैशाची काळजी नको.' त्याला विमानाचं तिकीट मिळेपर्यंत यंत्र चालू राहतं. डॉक्टर सही कुणाची घ्यायची या पेचात. ज्याच्या घशात नळी आहे, त्याचं मत तेवढं कुठंच लिहिलेलं नसतं.

मत माहीत नसलं की काय होतं, हे मुंबईनं चार दशकं पाहिलं आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३ च्या नोव्हेंबरात झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या २०१५ च्या मे महिन्यात गेल्या. त्यांच्यासाठी कुणी बोलायचं, याचाच निवाडा सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये करावा लागला. त्यांना जगवत ठेवणं थांबवावं, ही याचिका पत्रकार पिंकी विराणी यांची होती. न्यायालयानं मात्र आप्त मानलं ते अरुणाबाईंची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या लोकांना, आणि याचिका फेटाळली. त्या परिचारिकांच्या मायेविषयी शंका घ्यायला जागाच नाही. पण खुद्द अरुणाबाईंना काय हवं होतं, हे दोन्ही बाजूंपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

९ मार्च २०१८ ला घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि त्याबरोबर 'लिव्हिंग विल'ही, म्हणजे बोलता येईनासं झाल्यावर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम भागतं. आपण बोलू शकत नसू तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा, त्या माणसांची नावं त्यात घालायची. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यायची, एक पालिका किंवा पंचायतीनं नेमलेल्या अभिरक्षकाकडे. हे अभिरक्षक महाराष्ट्रात नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं, ही आपल्या कारभाराची रीतच म्हणायची. हा कागद केला म्हणजे उद्या कुणी येऊन नळ्या उपटणार, अशी धास्ती बाळगायचं कारण नाही. बरं होण्याची आशा संपली आहे, असं डॉक्टरांच्या एकापाठोपाठ एक अशा दोन मंडळांनी म्हटल्यावरच तो अमलात येतो.

मरणानंतरचंही तसंच. 'माझं दहावं-तेरावं करू नका, विद्युतदाहिनीत न्या' हे चहा पिताना दहादा सांगितलेलं असतं. कागदावर नसतं, म्हणून ऐन वेळी भावकीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस ठरवतो. देहदानाचा फॉर्म वीस वर्षांपूर्वी भरून ठेवणाऱ्यांना वाटतं, झालं काम. पण कॉलेजला फोन करायचा असतो मुलांनी, आणि मुलंच नको म्हणाली तर कॉलेज देह नेत नाही. नेत्रदानाला सहा तासांच्या आत माणसं यावी लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा, हे घरात एकाला तरी माहीत हवं. पैशांबाबत एवढंच: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. पासबुकावर, आधारवर आणि घराच्या कागदांवर आईचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असेल, तर ती हयात असतानाच एकसारखं करून घ्या. नंतर त्या एका वेलांटीपायी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं.

इथवर सगळं आपल्या हातातलं. पुढची अडचण मात्र आपण निस्तरू शकत नाही. हॉस्पिटल नको, घरीच डोळे मिटावेत, असं म्हणणारी माणसं आजही पुष्कळ आहेत. पंच्याऐंशी वर्षांची बाई पहाटे झोपेत गेली, याहून चांगलं मरण नाही असं शेजारी म्हणतात, आणि तासाभरात मुलगा डॉक्टर शोधत स्कूटरवर फिरत असतो. शहरात मृत्यूच्या कारणाचा '४ अ' नमुन्यातला दाखला मिळाल्याशिवाय स्मशानात नेता येत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी दवाखाना कधीच बंद केलेला. मोठ्या हॉस्पिटलातले म्हणतात, सहा महिन्यांत पेशंटला पाहिलं नाही, सही कशी करू? त्यांचंही खोटं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार हा दाखला शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, तोही विनामूल्य, द्यायचा असतो. असे डॉक्टरच नसले तर पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. नाहीतर रात्रीच्या वेळी हजारो रुपये मोजून सही 'मिळवून देणारा' कुणीतरी भेटतो. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल, तर डॉक्टरांना महिन्या-दोन महिन्यांनी घरी बोलवावं आणि ती फाइल उशाशी ठेवावी, हा झाला आपल्यापुरता तोडगा. पण ज्या महापालिकेला अंत्यविधीचा पास रात्री देता येतो, तिला रात्री घरी येऊन तपासणारा एक डॉक्टर प्रत्येक प्रभागात नेमता येऊ नये? तो नेमावा, आणि त्याचा फोन नंबर प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर लावावा.