मेजावरील पसारा



नाणे हरवलेल्या स्त्रीचा प्रभू येशूने सांगितलेला दृष्टान्त आपणा सर्वांस ठाऊक आहे. तिने दिवा लावला, घर झाडले, कसून शोध घेतला, तेव्हा नाणे हाती आले. आजच्या आपल्या घरांतील नाणी निराळ्या रीतीने हरवतात. मुलीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडतो, आणि तिचा दाखला संगणकात 'कोठे तरी' असतो. पडद्यावर शंभर चिन्हे दाटीवाटीने बसलेली असतात, व त्यांतील निम्म्यांची नावे 'स्कॅन 1', 'स्कॅन 2' अशी असतात.

संगणकाच्या या पहिल्या पडद्यास 'डेस्कटॉप', म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, हे नाव उगीच पडलेले नाही. 1981 साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचे यंत्र विक्रीस आणले, तेव्हा कचेरीतील मेज, कागद व कप्पे यांचीच चित्रे त्याच्या पडद्यावर मांडली होती. मेजावर हातातले काम असावे. वर्षाची ज्वारी कोणी चुलीपाशी ओतून ठेवीत नाही. ती कणगीत भरली जाते.

पुष्कळ तरुण यावर एक सोपा उपाय योजतात. विंडोज असलेल्या संगणकात पडद्याच्या मोकळ्या जागी माऊसची उजवी कळ दाबावी, 'व्ह्यू' उघडावे आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' यावरील खूण काढावी, की सारी चिन्हे नाहीशी होतात. फायली मात्र होत्या तेथेच राहतात, आणि खूण पुन्हा केली की चिन्हे परततात. म्हणून एखादे दिवशी पडदा रिकामा दिसल्यास घाबरून न जाता प्रथम ही खूण पाहावी. तेथेच असलेल्या 'ऑटो अरेंज आयकॉन्स'ने चिन्हे ओळीत बसतात. परंतु झाकलेला पसारा हा पसाराच असतो, आणि ओळीत बसलेला 'स्कॅन 2' कोणाचा, हे तरीही कळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात लहानसा बाण असतो, ती मूळ वस्तूकडे नेणारी वाट होय. ती पुसल्याने मूळ वस्तू जात नाही. खुद्द फाईल पुसली गेल्यास ती बहुधा 'रिसायकल बिन' या टोपलीत सापडते. म्हणून ती टोपली पाहिल्यावाचून रिकामी करू नये.

मग व्यवस्था कशी लावावी? तिचा उत्तम नमुना आपल्या चर्चमध्येच आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 साली धर्मगुरूंस विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. आजही बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाव, तारीख, आईवडील व धर्ममातापिता लिहिले जातात. पुढे त्या व्यक्तीचा विवाह झाला की तोही त्याच नोंदीपाशी लिहिला जातो. तसेच घरातील प्रत्येक माणसासाठी 'डॉक्युमेंट्स'मध्ये एकेक कप्पा, म्हणजे फोल्डर, करावा. जमिनीच्या पहाणीचा व घरपट्टीचा कप्पा वेगळा असावा. फाईलीचे नाव 'मारिया-जन्मदाखला-2009' असे असावे, म्हणजे परक्यालाही ते वाचून समजेल.

आपल्या सीमाभागात याची गरज अधिक आहे. शाळेचा दाखला मराठी, पहाणी कन्नड आणि आधार कार्ड इंग्रजी, अशी एकाच घरातील कागदांची तऱ्हा असते. जुन्या कागदावर 'गुलबर्गा' असते, तर 2014 च्या नोव्हेंबरनंतरच्या कागदावर 'कलबुर्गी'. राज्यघटनेच्या 371 (जे) कलमाने आपल्या भागातील मुलांस शिक्षणात व नोकरीत राखीव जागा मिळतात. पण आपण येथलेच आहोत हे जुन्या कागदांनीच सिद्ध करावे लागते. तो कागद वेळेवर न सापडल्यास मुलाचे वर्ष जाते, आणि गरीब घरात गेलेले वर्ष सहसा परत येत नाही.

शिवाय प्रत एकच ठेवू नये. बिदर येथे महमूद गवानाने 1472 साली उभारलेल्या मदरशात तीन हजार हस्तलिखितांचा संग्रह होता असे सांगतात. 1696 साली तेथे बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज आपण तिचा उरलेला मनोरा पाहतो. ग्रंथ मात्र तेथे नाहीत. संगणकाची डिस्क तर कोणत्याही दिवशी बिघडू शकते. म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवावी, दुसरी पुण्यास वा बंगळुरूस असलेल्या मुलाकडे द्यावी, आणि मूळ कागद कधीही टाकू नये.

दुकानातील संगणकावर काम करून घेतल्यावर आपली फाईल तेथे राहू देऊ नये. ती आपल्यासमोर पुसवून घ्यावी, व टोपलीतूनही काढवावी. आपले आधार कार्ड परक्याच्या मेजावर सोडून येणे शहाणपणाचे नाही.

येत्या रविवारी मिस्सानंतर एक तास काढा. मुलांस संगणकापाशी बसवा, आणि आजीआजोबांस शेजारी बसवा. कोणता कागद कोणाचा व कोणत्या वर्षाचा, हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांची आठवण शाबूत आहे तोवर नावे लिहून घ्या. पवित्र कुटुंबाच्या आश्रयाखाली आपली घरे सुव्यवस्थित राहोत.