शिक्का आणि वाचन

‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर ‘बॉर्डरलाइन’ आहे, असे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वर्गांतही हल्ली ऐकू येते. यास आमचा विरोध आहे. १९८० साली अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत वर्गीकरणात आलेली ही संज्ञा उपचारासाठी आहे. कादंबरीस चिकटवली की वाचन संपते.

मानसशास्त्र स्वतः तेथे थांबलेले नाही. चिंतेपेक्षा ‘ही चिंता मला आवरणारच नाही’ ही चिंतेविषयीची समजूत माणसाला अधिक छळते, अशी मांडणी एड्रियन वेल्स यांनी केली. भावनांचे हेलकावे, आपल्याला सोडून जातील ही धास्ती अशा बॉर्डरलाइन लक्षणांचा चिंतेशी असलेला दुवाही अभ्यासक अशा समजुतींत शोधतात. म्हणजे मुद्दा विचाराविषयीच्या विचाराचा आहे, आणि तो साहित्याचा जुनाच प्रांत आहे. रामदासांनी मनालाच श्रोता केले. सांगवीकर स्वतःचीच टिंगल करत स्वतःची गोष्ट सांगतो.

मनोविकारतज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या या जंगलजिल्ह्यांत अस्वस्थ विद्यार्थ्याचे पहिले ऐकणारे बहुधा शिक्षकच असतात. पात्रावर शिक्का मारण्याची सवय जडलेला शिक्षक त्यालाही शिक्काच देईल. निदान डॉक्टरांनी करावे. ‘तू आपल्या मनाकडे कसा पाहतोस?’ एवढे विचारणे आणि उत्तर ऐकून घेणे, हे आपले काम.