मोकळी वाट हवी? मग कवाड लावून घ्या

शेवटच्या सायकल राइडला तुम्ही किती वेळा पाय खाली टेकवला? मोजलंय कधी? मी मोजलं. मागच्या डिसेंबरातला रविवार होता. चांदणी चौकातून निघून भूगाव, पिरंगुट आणि पुढे पौड. या एवढ्याशा पट्ट्यात सतरा वेळा थांबले. सिग्नल, स्पीडब्रेकर, अंगावर येणारी कार, रस्त्यातच सेल्फी काढणारा ग्रुप, भजीच्या गाडीपुढचं पार्किंग. डोंगर बघायला निघाले होते आणि बघितले ते मागचे लाल दिवे.

रोडबाइकवाला थांबून परत वेग घेतो. माउंटन बाइकचं गणित वेगळं आहे. जाड टायर, जड सायकल, खाली सुटी खडी आणि समोर चढ. अशा जागी एकदा पाय टेकला की पुन्हा सुरुवात करताना मागचं चाक जागेवरच फिरतं, मग उरतं ते ढकलणं. शिवाय दम एकदा लयीत आला की तासभर पुरतो, दर दोन मिनिटांनी मोडला तर अर्ध्या तासात संपतो. म्हणून ‘कमी थांब्यांची वाट’ शोधणं म्हणजे नुसते लाड नव्हेत. आणि ती नशिबाने सापडत नाही, घरी बसून निवडावी लागते.

निवडायची कशी? आधी डोंगर समजून घ्या. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला आहे. त्यामुळे तो पायऱ्यांसारखा दिसतो: उभा कडा, त्यावर सपाटी, पुन्हा कडा. जी वाट कडे ओलांडत जाते ती तुम्हाला सायकलवरून उतरवणारच. जी वाट एकाच सपाटीच्या कडेकडेने जाते, ती वळणं घेईल, लांब पडेल, पण चालू राहील. धरणाच्या पाण्याला वळसा घालणारे रस्ते म्हणूनच मजेचे असतात. पानशेत, भाटघर, नीरा देवघर यांच्या कडेने जाऊन बघा. एका बाजूला पाणी असलं की त्या बाजूने फाटे फुटत नाहीत आणि गाड्याही येत नाहीत.

मग नकाशा उघडा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे ऑनलाइन मोफत मिळतात. त्यावरच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो, आणि नकाशावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तेवढ्या अंतरात वाट चार रेषा ओलांडत असेल तर ८० मीटरचा चढ, म्हणजे सरासरी ८ टक्के. मातीच्या रस्त्यावर नवख्याचा घाम काढायला एवढं पुरे. आठ रेषा ओलांडत असेल तर सरळ समजा, सायकल हातात धरून चालायचंय. त्यानंतर तीच वाट सॅटेलाइट चित्रात बघा आणि फाटे मोजा. प्रत्येक फाटा म्हणजे मोबाइल बाहेर काढणं, म्हणजेच एक थांबा. पण एकही गाव नसलेली वाटही निवडू नका. पंधरा-वीस किलोमीटरमध्ये एखादी वाडी हवीच. पाणी संपतं, चेन तुटते, माणूस लागतो.

वाटेइतकाच वारही महत्त्वाचा. ज्या गावावरून जाणार तिथला आठवडे बाजार कधी असतो ते विचारा, त्या दिवशी अरुंद रस्ता जीपनी भरलेला असतो. भोर, वाईकडे थंडीत जात असाल तर उसाच्या ट्रॉल्या लक्षात ठेवा. दिवाळीनंतर धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन देशावरून कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कळप समोर आला तर घंटी वाजवू नका. उतरा, बाजूला उभे राहा. सोबतचे कुत्रे सायकल बघून बिथरतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. भर पावसात मातीच्या वाटांना सुट्टी द्या, कारण ओल्या मातीत आपण पाडलेली चाकोरी उन्हाळाभर तशीच राहते. आणि हो, ट्यूबलेस टायर नसेल तर दोन ट्यूब जास्तीच्या घ्या. बाभळीच्या काट्याइतका हुकमी थांबा दुसरा कुठला नाही.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. आता जे सांगायचंय ते थोडं अवघड आहे, कारण चूक माझी आहे.

जानेवारीत आम्ही चौघांनी भोर तालुक्यात अशीच एक वाट शोधून काढली. जुनी बैलगाडीची वाट, अकरा किलोमीटर, दोनच फाटे. मधे एका शेताशी काट्याकुट्यांचं एक कवाड. मी पुढे होते. मी ते बाजूला केलं, सगळे आत आले आणि आम्ही तसेच पुढे निघालो. लय मोडायची नव्हती ना. कोणी लावलं का, हे कोणी विचारलंही नाही. त्या दिवशी मी स्टेटसला टाकलं होतं : नॉनस्टॉप!

तीन आठवड्यांनी परत गेलो तर कवाड तारेनं बांधलेलं आणि पुढ्यात हा मोठा दगड. शेतावरचे काका आले. ओरडले नाहीत. म्हणाले, “त्या दिशी तुम्हीच का? गुरं शिरली रातच्याला. हरभरा गेला निम्मा. पोरी, जा की तुम्ही, तुम्हाला कोण अडवतंय. पण कवाड लावायला दोन मिनिटं लागत्यात का?” आम्ही पैसे पुढे केले. ते त्यांनी घेतले नाहीत, चहा मात्र दिला. चहा पिताना कळलं की वरच्या वाडीची पोरं याच वाटेनं शाळेत जायची. आता ती सडकेने फिरून जातात. आम्ही निघालो तेव्हाही तार तशीच होती.

त्या दिवसापासून मला ‘थांबा’ हा शब्द वेगळा दिसतो. आपण ज्याला अडथळा म्हणतो ते कुणाचं तरी काम असतं. कवाड म्हणजे पीक, कळप म्हणजे कुणाचा तरी संसार. ही वाट आपल्या राइडसाठी केलेली नाही. ती बैलगाडीसाठी, शाळेसाठी, पाण्याच्या हंड्यासाठी पडली आणि आपल्याला फुकट मिळाली. आपल्या एका निष्काळजीपणामुळे ती बंद झाली तर आपलं काय जातं? एक रविवार. आपण दुसरी वाट शोधू. वाडीतल्या पोरांना दुसरी वाट नाही.

आणि वाटा बंद होण्याची कारणं आधीच कमी नाहीत. पुण्याच्या आसपासच्या डोंगरात फिरलात तर दिसेल, काल जिथे वाट होती तिथे आज फार्महाऊसच्या प्लॉटचं कुंपण, लोखंडी गेट आणि वॉचमन. गावनकाशावर गाडीमार्ग, पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत जायला वाट नसेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तो तहसीलदाराकडे मागू शकतो, आणि वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. पण नीट वाचा, हे हक्क शेतकऱ्याचे आहेत, शनिवारी रात्री टायरमध्ये हवा भरणाऱ्या आपले नाहीत. आपण तिथून जातो ते गावाच्या मर्जीने. ती मर्जी टिकवणं हीच आपली खरी जबाबदारी, असं मला वाटतं.

म्हणून कॉलेजच्या प्रत्येक सायकल ग्रुपने तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. एक, कवाड जसं सापडेल तसंच ठेवायचं. लावलेलं असेल तर लावायचं, उघडं असेल तर उघडं. शेवटच्या माणसावर ही ड्युटी आणि त्याने मोठ्याने सांगायचं, “लावलं!” दोन, सापडलेली प्रत्येक वाट ॲपवर सगळ्यांसाठी खुली करायची नाही. आधी वाडीत विचारायचं. चार सायकली चालतात, चाळीस चालतीलच असं नाही. तीन, काही जागा सोडूनच द्यायच्या. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. खडकावरच्या त्या बोटभर मातीत फुलं येतात, तिथे डांबरी रस्त्यावरून चाक खाली उतरवायचं नाही. कोयना, चांदोलीसारख्या संरक्षित जंगलांत परवानगीशिवाय शिरायचं नाही. वाट कितीही मोकळी दिसली तरी.

तुम्ही म्हणाल, राइडला निघायचं की ग्रामसभेला? खरं सांगू, फार काही लागत नाही. अकरा किलोमीटरच्या त्या वाटेवर एकच कवाड होतं. दोन मिनिटं थांबले असते तर आजही ती वाट चालू असती.

येत्या रविवारी नकाशा काढा, रेषा मोजा, फाटे मोजा, मोकळी वाट निवडा. आणि एक थांबा मात्र स्वतःहून घ्या. कवाडाशी. ते लावा, मग पॅडल मारा.