शिलकीवर हक्क कोणाचा?

सामाजिक उद्योग म्हणजे काय, याचे उत्तर आपल्या कंपनी कायद्यात सापडत नाही. नफा वाटायचा नसेल तर न्यास, सोसायटी किंवा कलम ८ खालील कंपनी स्थापन करावी. वाटायचा असेल तर सर्वसाधारण कंपनी आहेच. २०२२ साली ‘सेबी’ने सामाजिक शेअर बाजारासाठी नियम केले, तेव्हा कुठे एक व्याख्या हाती आली. ठरवून दिलेल्या क्षेत्रांत काम, वंचित घटकांना प्राधान्य, आणि उत्पन्न, खर्च किंवा लाभार्थी यांपैकी एका निकषावर किमान ६७ टक्के काम अशा घटकांसाठी, अशी ही कसोटी आहे. ती उपयुक्तच आहे. मात्र काम कोणासाठी चालते एवढेच ती पाहते. उरलेला पैसा कुठे जातो, हे विचारत नाही.

हा प्रश्न तांत्रिक नाही. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ऐपत असलेल्या रुग्णांनी शुल्क द्यायचे आणि त्या शिलकीतून गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोफत किंवा अल्पदरात करायच्या, ही त्यामागची रीत. परदेशी कृत्रिम भिंग परवडेना, म्हणून १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ उभारून संस्थेने ते स्वतःच बनवायला घेतले आणि किंमत पूर्वीच्या काही अंशावर आणली. मालकी न्यासाकडे असल्यामुळे शिलकीवर लाभांशाचा दावा सांगणारा कोणी नव्हता. दर वर्षी उरलेला पैसा पुढच्या रुग्णालयात, पुढच्या रुग्णावर खर्च होत राहिला.

सूक्ष्मवित्ताच्या क्षेत्रात नेमके उलटे घडले. गरीब महिलांना छोटी कर्जे देण्यासाठी १९९७ साली बिगरनफा संस्था म्हणून सुरू झालेली ‘एसकेएस’ पुढे कंपनी झाली आणि जुलै २०१० मध्ये तिने समभाग विक्रीस काढले. गुंतवणूकदारांना कर्जवाढीचा वेग हवा होता. एकेका घरावर अनेक कंपन्यांची कर्जे चढली होती. आंध्र प्रदेशात कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्याच ऑक्टोबरात राज्य सरकारने वसुलीला लगाम घालणारा अध्यादेश काढला. परतफेड कोलमडली. त्यात चांगले काम करणाऱ्या संस्थाही भरडल्या गेल्या आणि गरजू महिलांचा मार्ग पुन्हा सावकाराच्या दाराकडे वळला. ‘सेबी’ची आजची ६७ टक्क्यांची कसोटी त्या वेळी असती, तर त्या कंपन्या तीत बहुधा सहज उत्तीर्ण झाल्या असत्या. त्यांचे ग्राहक गरीबच तर होते!

ब्रिटनने २००५ पासून ‘सामुदायिक हित कंपनी’ हा स्वतंत्र प्रकार चालवला आहे. तिची मालमत्ता समाजहितासाठी बांधलेली असते आणि भागधारकांना द्यावयाच्या लाभांशावर मर्यादा असते. अशा मर्यादेमुळे भांडवल आटेल, हा आक्षेप निराधार नाही. मदुराईची वाढही स्वतःच्या शिलकीच्या गतीनेच, सावकाश झाली. पण ज्याला मर्यादा नको असेल त्याने सर्वसाधारण कंपनी म्हणून भांडवल उभारावे. त्याला कोणीही अडवलेले नाही. ‘सामाजिक’ हे बिरुद मात्र फुकट मिळू नये.

नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. सामाजिक शेअर बाजारातील संस्थांना वार्षिक प्रभाव अहवाल आजही द्यावाच लागतो. शिलकीपैकी किती रक्कम लाभांशात गेली, किती पुन्हा कामात आली आणि गेल्या वर्षभरात मालकी कोणाकडे सरकली, एवढी माहिती त्यात सक्तीची करायला ‘सेबी’चे एक परिपत्रक पुरेसे आहे.