घाटातील सहप्रवास

चार-पाच कुटुंबे आपापल्या गाड्यांनी एकत्र सहलीस निघतात, तेव्हा नियोजनाची खरी कसोटी घाटात लागते. महाबळेश्वरहून पोलादपूरला जाणारा आंबेनळी घाट पाहावा. सुमारे १,३७० मीटर उंचीवरून हा वळणावळणांचा रस्ता चाळीसेक किलोमीटरांत कोकणात उतरतो.

वळणाआड पुढची गाडी दिसेनाशी होते आणि तिला गाठण्याच्या घाईत अपघात संभवतो. म्हणून थांबे आधीच ठरवावेत : पहिला प्रतापगडच्या फाट्यावर, दुसरा पोलादपुरात. मग वाटेत कोणी कोणाचा पाठलाग करण्याचे कारण उरत नाही. सर्वांत सावकाश चालवणाऱ्यास पुढे ठेवावे, अनुभवी चालकास शेवटी. उतारावर खालचा गिअर ठेवावा. केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होतात. चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी. मुलांना व वडीलधाऱ्यांना गाडी लागत असल्यास निघण्यापूर्वी हलकेच खावे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा रस्ता खुला असल्याची खात्री करावी आणि घाट दिवसाउजेडी पार करावा.

पहिली गाडी किती लवकर पोहोचली, याला महत्त्व नाही. सहलीचा हिशेब शेवटची गाडी मुक्कामी आल्यावरच पुरा होतो.